श्रीमंताने जास्त द्यावे का? आधी खर्चाचे शीर्ष सांगा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडमधील चाळीस सदनिकांच्या एका गृहनिर्माण सोसायटीत जुनी लिफ्ट काढून नवी बसवायची आहे. अंदाजपत्रक तीस लाखांचे आहे. वार्षिक सभेत वन बीएचकेवाल्या सभासदांनी मागणी केली की मोठ्या सदनिकांनी जास्त वाटा उचलावा. मोठ्या सदनिकांचे म्हणणे असे की लिफ्टमध्ये चढताना चौरस फूट कोणी मोजत नाही. वाद तापल्यावर एका तरुण सभासदाने विचारले की, हवामानबदलाच्या खर्चात श्रीमंत देशांनी जास्त दिले पाहिजे असे आपण भारतीय म्हणून जगाला बजावतो, मग तो न्याय आपल्या जिन्यापाशी येऊन का थांबतो? तेथील सचिवांनी हे दोन्ही प्रश्न मला एकत्रच विचारले आहेत, आणि लिफ्टचे तेवढे सांगून जगाचे सोडून द्यावे असे मला वाटत नाही, कारण दोन्हींतला गुंता एकाच जातीचा आहे.

मी एकतीस वर्षे पुण्यात सनदी लेखापाल म्हणून काम करतो आणि त्यातला निम्म्याहून अधिक वेळ सोसायट्या व सार्वजनिक न्यास यांच्या लेखापरीक्षणात गेला आहे. ज्याची ऐपत जास्त त्याने सामायिक खर्चात जास्त द्यावे हे मला मान्य आहे. मात्र ‘खर्च’ हा शब्द एकवचनी वापरला की हे तत्त्व कोलमडते. वापराचा खर्च, मालमत्ता टिकवण्याचा खर्च, एकाने दुसऱ्याचे केलेले नुकसान भरून देण्याचा खर्च आणि संकटात सापडलेल्याला हात देण्याचा खर्च, असे चार वेगळे खर्च (लेखापालाच्या भाषेत शीर्षे) सामायिक बिलात एकाच आकड्याखाली दडलेले असतात. प्रत्येकाचे माप निराळे आहे. मी पाहिलेली बहुतेक भांडणे पैशाच्या कमीजास्तपणावरून सुरू झालेली नव्हती. एका शीर्षाचे माप दुसऱ्या शीर्षाला लावल्यामुळे ती सुरू झाली होती.

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांचे आदर्श उपविधी या बाबतीत बऱ्यापैकी शहाणे आहेत, फक्त ते कोणी वाचत नाही. पहारेकऱ्याचा पगार, जिन्यातले दिवे, कार्यालयाची स्टेशनरी, लेखापरीक्षण शुल्क असा सेवाशुल्काचा भाग सर्वांना समान आहे. पाण्याचा आकार नळांची संख्या आणि त्यांचा आकार यांवर ठरतो. दुरुस्ती व देखभाल निधी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.७५ टक्के, तर सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठीची साठवण, किमान ०.२५ टक्के आहे, म्हणजे मोठी सदनिका येथे आपोआप जास्त देते. मोठ्या दुरुस्तीसाठी सभेने निधी काढला, तर तो क्षेत्रफळाच्या प्रमाणात काढायचा असतो. लिफ्ट चालवण्याचा खर्च मात्र त्या इमारतीतील सर्व सभासदांनी समान द्यायचा, मग कोणी ती वापरो वा न वापरो. ‘मी तळमजल्यावर राहतो, मला लिफ्ट कशाला?’ या युक्तिवादाला उपविधींनी एका वाक्यात निकाल दिलेला आहे.

मुंबई उच्च न्यायालयानेही सोसायटीच्या बाबतीत हाच धागा पकडला. मुंबईतल्या एका सोसायटीने सगळी देखभाल क्षेत्रफळावर आकारण्याचा ठराव केला, तेव्हा मोठ्या सदनिकेला पहारेकरी, सफाई किंवा दिवे जास्त मिळतात असे दाखवता येत नसेल तर सेवाशुल्क जास्त का, असा प्रश्न न्यायालयाने केला आणि तो ठराव टिकला नाही. उलट, १९७०च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखाली नोंदलेल्या संकुलात सामायिक खर्च प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीनुसार वाटला जातो. २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने पुण्यातल्याच एका मोठ्या संकुलाच्या प्रकरणात तेथे मोठ्या सदनिकेने जास्त द्यावे हे मान्य केले. शेजारच्या दोन इमारतींत दोन उलट उत्तरे, आणि दोन्ही कायदेशीर! त्यामुळे आपल्या दारावरच्या पाटीवर सोसायटी लिहिले आहे की अपार्टमेंट, हे पाहिल्याशिवाय या विषयावर तोंड उघडू नये, असे मी प्रत्येक नव्या समितीला सांगतो.

हे शहाणपण मला जन्मतः नव्हते. सुमारे वीस वर्षांपूर्वी एरंडवण्यातील एका सोसायटीत असाच वाद विकोपाला गेला असताना मीच तडजोड सुचवली की एकूण देखभालीतील निम्मी रक्कम समान आणि निम्मी क्षेत्रफळावर आकारावी. सभेने टाळ्यांच्या गजरात ती मंजूर केली. पुढे दोन वर्षांनी एका सभासदाने सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार केली की हा ठराव उपविधींत बसत नाही, आणि ते खरेच होते. जादा घेतलेली रक्कम पुढच्या बिलांत वळती करून द्यावी लागली. कोष्टक माझेच असल्याने ते बसून दुरुस्त करण्याचे कामही माझ्याच वाट्याला आले. ‘निम्मे-निम्मे’ ऐकायला समंजस वाटते, पण कोणत्या खर्चाला कोणते माप आणि का, याचे उत्तर त्यात नसते.

आता ऐपतीकडे येतो. क्षेत्रफळ म्हणजे ऐपत नव्हे, हे पुण्याइतके स्पष्ट क्वचितच कुठे दिसत असेल. प्रभात रस्त्याच्या बाजूला पंधराशे चौरस फुटांच्या जुन्या सदनिकेत एकट्या राहणाऱ्या, पतीच्या निवृत्तिवेतनावर भागवणाऱ्या आजी माझ्या पाहण्यात आहेत, आणि त्याच इमारतीत वन बीएचकेमध्ये राहणारे, दोघेही हिंजवडीला जाणारे जोडपे आहे, ज्यांचे महिन्याचे उत्पन्न त्या आजींच्या वर्षाच्या उत्पन्नापेक्षा जास्त आहे. क्षेत्रफळ मोजता येते म्हणून आपण ते मोजतो. ऐपत मोजायची तर प्रत्येकाच्या घरात डोकावावे लागेल, आणि तसा अधिकार सोसायटीला नाही, असूही नये. म्हणून माझे मत असे आहे की ऐपतीवर आधारलेली वसुली ही ज्या संस्थेला उत्पन्न विचारण्याचा कायदेशीर अधिकार आहे, म्हणजे शासन, तिनेच करावी. सोसायटीने वापर आणि मालमत्ता या दोन मापांपलीकडे जाऊ नये. आजींसाठी हप्ते बांधून देणे, व्याज माफ करणे एवढे समितीला करता येते, आणि ते करावेच.

गावाकडे ही अडचण निराळ्या रीतीने सोडवलेली असे. जत्रेची पट्टी घरटी काढायची की एकरी, यावर चावडीवर बसून ठरे. देवळातल्या दिव्याबत्तीला उंबऱ्यामागे सारखी रक्कम, आणि बांध-बंधाऱ्याच्या कामाला जमिनीच्या प्रमाणात. माझ्या आजोळी ही पद्धत मी लहानपणी ऐकलेली आहे. आपले पूर्वज फार थोर होते वगैरे मला म्हणायचे नाही. एकमेकांची जमीन आणि जनावरे सगळ्यांना तोंडपाठ असत, म्हणून ते जमे. शहरात शेजाऱ्याचे आडनाव माहीत नसते.

शासनाने ऐपतीप्रमाणे घेऊन गरजेप्रमाणे देण्याचे सर्वांत धाडसी उदाहरण आपल्याच राज्यातले आहे, आणि प्रत्येक पगारदाराच्या पगारपत्रकावर ते दर महिन्याला छापलेले असते. २०० रुपये व्यवसाय कर, फेब्रुवारीत ३००. हा कर कशासाठी आहे, असे मी प्रशिक्षणार्थींना विचारतो तेव्हा दहांतल्या नऊ जणांना सांगता येत नाही. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात ग्रामीण मजुरांना काम देण्याचा प्रयोग झाला. १९७२च्या दुष्काळात त्या कल्पनेचा विस्तार झाला. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम द्यायचे तर पैसा हवा. म्हणून १९७५ मध्ये महाराष्ट्राने व्यवसाय कर आणला, आणि शहरातल्या नोकरदाराच्या, वकिलाच्या, डॉक्टरच्या खिशातून दुष्काळी भागातल्या खडी फोडणाऱ्या मजुराची मजुरी जाऊ लागली. दुष्काळ मराठवाड्यात किंवा माणदेशात, आणि पैसे डेक्कनवरच्या दवाखान्यातून. याला मी चौथ्या शीर्षाचा खर्च म्हणतो. इथे वापराचा प्रश्नच येत नाही, कारण ज्याला वापरावे लागते त्याच्याकडे द्यायला काही नसते.

पण याच करात एक विचित्र गोष्ट आहे. राज्यघटनेच्या २७६व्या अनुच्छेदाने व्यवसाय कराला वार्षिक कमाल मर्यादा घातली आहे. १९८८च्या घटनादुरुस्तीने ती २५० रुपयांवरून २,५०० रुपये झाली आणि आजही तेवढीच आहे. महिना पंधरा हजार मिळवणारा दुकानातला पुरुष कर्मचारी आणि महिना पंधरा लाख मिळवणारा कंपनीचा संचालक हे दोघे वर्षाला सारखेच २,५०० रुपये भरतात. हेतू ऐपतीचा होता, पण मापाला झाकण बसवल्यामुळे तो उंबरापट्टीसारखा झाला. शीर्ष बरोबर असून माप चुकले तर काय होते, याचे यापेक्षा बोलके उदाहरण मला सापडलेले नाही.

आयकरात टप्पे आहेत. नव्या करप्रणालीत २०२५-२६ साठी चार लाखांपर्यंत शून्य आणि चोवीस लाखांवरच्या रकमेला ३० टक्के, त्यावर पन्नास लाखांनंतर अधिभार. ही रचना मला तत्त्वतः योग्य वाटते, कारण तीस हजारांतून तीन हजार जाणे आणि तीस लाखांतून तीन लाख जाणे यांत टक्का सारखा असला तरी पहिल्याच्या घरात किराणा कमी होतो. प्रत्यक्षात मात्र वरच्या टोकाला ही शिडी वाकते. माझ्याकडे येणाऱ्या अशिलांपैकी जे खरोखर धनवान आहेत त्यांचे उत्पन्न पगारातून येत नाही. सूचीबद्ध शेअर वर्षभराहून अधिक ठेवून विकले तर सव्वा लाखांवरच्या नफ्याला कर साडेबारा टक्के. पगारावर जगणारा वरिष्ठ अभियंता शेवटच्या रुपयावर तीस टक्के देतो आणि शेअरवर जगणारा त्याचा शेजारी त्याच्या निम्म्याहूनही कमी. आणि वस्तू व सेवा कराबद्दल तर बोलायलाच नको. साबणाच्या वडीवर घरकाम करणाऱ्या बाई आणि त्यांच्या मालकीणबाई सारखाच कर भरतात.

मग संपत्तीवर कर लावावा का? भारताने तो लावून पाहिला आहे. १९५७ पासून संपत्ती कर होता, आणि १९५३ पासून १९८५ पर्यंत मृत्यूनंतरच्या मालमत्तेवरही शुल्क होते. संपत्ती कराची विवरणपत्रे मी स्वतः भरली आहेत. घरातल्या पाटल्या, गोठ, तन्मणी यांचे मूल्यांकन करून घ्यायचे, बँकेच्या लॉकरची यादी करायची, आणि एवढे करून शेअर त्यात मोजले जातच नसत! सराफाकडच्या मूल्यांककाने एका आजीबाईंच्या चिंचपेटीतले मोती खरे की कृत्रिम यावर अर्धा तास घातलेला मला आठवतो. कर निघाला होता नऊशे रुपये. २०१३-१४ मध्ये साऱ्या देशातून या कराचे १,००८ कोटी रुपये जमले होते. २०१५च्या अर्थसंकल्पात अरुण जेटली यांनी तो रद्द केला आणि त्याऐवजी एक कोटीच्या वर उत्पन्न असलेल्यांवर दोन टक्के जादा अधिभार लावला, ज्यातून नऊ हजार कोटींची अपेक्षा होती. यावरून संपत्ती कर मुळातच निरर्थक असतो असा निष्कर्ष काढणारे बरेच आहेत. मी तो काढत नाही. आजीची चिंचपेटी मोजणारा आणि शेअर सोडून देणारा कर निरर्थक होता, एवढेच त्यातून सिद्ध होते.

जगाकडे जाण्यापूर्वी एक थांबा मध्ये आहे. दिल्लीला सर्वाधिक कर महाराष्ट्र देतो आणि परत कमी मिळते, ही तक्रार पुण्यात मोठ्या हौसेने केली जाते. केंद्राच्या करांतला राज्यांचा वाटा ठरवणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाच्या सूत्रात राज्यांच्या वाट्यातील महाराष्ट्राचा हिस्सा सुमारे ६.३ टक्के होता, आणि २०११च्या जनगणनेनुसार देशाच्या लोकसंख्येत आपण सव्वानऊ टक्क्यांच्या आसपास होतो, म्हणजे तक्रारीत आकड्यांचा आधार आहे. त्या सूत्रात ४५ टक्के वजन ‘उत्पन्नातील अंतरा’ला होते, राज्य जितके गरीब तितका वाटा जास्त. पण हीच तक्रार करणारा पुणेकर मराठवाड्याचा माणूस ‘अनुशेष’ म्हणाला की कपाळाला आठ्या घालतो. पुण्याच्या गोखले संस्थेत आयुष्य घालवलेल्या अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये जिल्ह्याजिल्ह्यांतील विकासाची तफावत मोजून राज्याचा अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये ठरवला होता. दिल्लीसमोर आपण देणारे आणि राज्यात घेणारे असू, तर सूत्र एकच लावावे लागते. नाही तर ते सूत्र न राहता सोय होते.

आता देशांचे. संयुक्त राष्ट्रांच्या नियमित अर्थसंकल्पाची वर्गणी ठरवण्याची पद्धत कोणत्याही सोसायटीच्या खजिनदाराने वाचावी अशी आहे. मूळ माप देशाचे राष्ट्रीय उत्पन्न. त्यातून परकीय कर्जाचा भार आणि कमी दरडोई उत्पन्न यांसाठी सूट. तळाशी किमान ०.००१ टक्के, अतिअविकसित देशांना कमाल ०.०१ टक्के, आणि सर्वांत वर २२ टक्क्यांचे झाकण. दर तीन वर्षांनी हे कोष्टक नव्याने होते. २०२५ ते २०२७ साठी अमेरिका २२ टक्के, चीन सुमारे २० टक्के, जपान सातच्या जरा खाली आणि भारत एक टक्क्याच्या थोडा वर आहे. भारताचे एकूण उत्पन्न मोठे असूनही वर्गणी लहान, कारण ते उत्पन्न वाटून घेणारी तोंडे १४० कोटी आहेत. मोठ्या सदनिकेत राहणाऱ्या मोठ्या एकत्र कुटुंबाला सूट मिळावी तसे हे आहे. एकूण रक्कमही भयंकर नाही. २०२५ चा नियमित अर्थसंकल्प सुमारे ३.७ अब्ज डॉलर होता, म्हणजे रुपयांत पुणे महानगरपालिकेच्या अंदाजपत्रकाच्या अडीच पट.

ते वरचे झाकण कोणासाठी आहे ते उघड आहे. १९४६ मध्ये अमेरिकेचा वाटा जवळपास ४० टक्के होता, १९७०च्या दशकात कमाल मर्यादा २५ वर आली आणि २००१ पासून २२ वर. जगाच्या उत्पन्नातला अमेरिकेचा हिस्सा साधारण चौथा आहे, तेव्हा सर्वांत श्रीमंत सभासद ऐपतीपेक्षा जास्त देतो ही समजूत कागदावर टिकत नाही. व्यवसाय कराचे झाकण आणि हे झाकण एकाच लोहाराने घडवलेले दिसते. झाकणाच्या बाजूने एक युक्तिवाद मात्र प्रामाणिक आहे. एकाच सभासदाच्या पैशावर संस्था चालू लागली, तर त्याने एक वर्ष धनादेश थांबवला की पहारेकऱ्याचा पगार थांबतो. मर्यादा इतर सभासदांनाही जबाबदार ठेवते. मला हे पटते, पण २२ हा आकडा त्यातून सिद्ध होत नाही.

जो जास्त देतो तो जास्त मत मागतो, आणि खरी कसोटी तिथे लागते. सोसायटीत एक सभासद एक मत. अपार्टमेंटमध्ये खर्चाबरोबर मतही टक्केवारीने मोजले जाते. जगातही हे दोन्ही नमुने आहेत. संयुक्त राष्ट्रांची आमसभा सोसायटीसारखी आहे, तर आंतरराष्ट्रीय नाणेनिधी अपार्टमेंटसारखा. तिथे अमेरिकेकडे साडेसोळा टक्क्यांच्या आसपास मते आहेत आणि महत्त्वाच्या निर्णयांना ८५ टक्के लागतात, म्हणजे एका सभासदाच्या नकाराने ठराव पडतो. १९८५ मध्ये अमेरिकी संसदेने कायदाच केला होता की अर्थसंकल्पावर वर्गणीच्या प्रमाणात मत मिळेपर्यंत आपली वर्गणी २० टक्क्यांवर आणावी. सोसायटीत असा पवित्रा घेणाऱ्या सभासदाला आम्ही थकबाकीदार म्हणतो, त्याच्यावर सरळव्याजाने वार्षिक २१ टक्क्यांपर्यंत व्याज लावतो, आणि वसुलीचा दाखला घेऊन जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे रक्कम वसूल करता येते. संयुक्त राष्ट्रांकडे एवढेच आहे की दोन वर्षांच्या वर्गणीइतकी थकबाकी झाली तर आमसभेतले मत जाते. जगाला उपनिबंधक नाही. म्हणून तिथे मत आणि वर्गणी वेगळी ठेवण्याचे तत्त्व आणखी जपावे लागते. जास्त देणाऱ्याला हिशेब तपासण्याचा हक्क जरूर असावा, किंबहुना तो प्रत्येकाला असावा. निर्णय विकत घेण्याचा हक्क मात्र कोणालाही नसावा.

हवामानाचा प्रश्न लोक वर्गणीच्या शीर्षाखाली टाकतात, आणि माझ्या मते ती नोंदच चुकीची आहे. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरातून खालच्या घरात पाणी झिरपते, छताचे पोपडे पडतात, कपाटातल्या साड्यांना बुरशी येते. अशा वेळी वरचा सभासद श्रीमंत आहे की गरीब हे कोणी विचारत नाही. गळती त्याची, दुरुस्ती त्याची. १८५० पासून वातावरणात सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे, आणि जगाची सहावा हिस्सा लोकसंख्या असलेल्या भारताचा तीन-चार टक्के. आजही माणशी हिशेब केला तर भारतीय वर्षाला सुमारे दोन टन सोडतो आणि अमेरिकी सुमारे चौदा टन. १९९२च्या रिओ परिषदेतील हवामान कराराने जबाबदारी सर्वांची, पण वेगवेगळ्या प्रमाणात आणि कुवतीनुसार, असे शब्द वापरले. त्यात नुकसानभरपाई आणि ऐपत ही दोन शीर्षे एकत्र बांधली गेली, आणि श्रीमंत देशांनी तेव्हापासून भरपाईचे शीर्ष मिटवून केवळ मदतीचे ठेवण्याचा प्रयत्न चालवला आहे. मदत म्हटले की उपकार होतो, आणि उपकाराला तारीख नसते.

म्हणूनच तारखा पाहा. २००९ मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर देण्याचे मान्य केले. त्यांच्याच ओईसीडी या आर्थिक संघटनेच्या हिशेबाने ते २०२२ मध्ये साधले. त्यातील सरकारी रकमेचा दोन तृतीयांशाहून मोठा भाग कर्जरूपाने होता. वरच्या मजल्यावरच्या सभासदाने तुमचे छत रंगवायला तुम्हालाच व्याजाने पैसे द्यावेत, तसे हे झाले. २०२४ मध्ये बाकूला विकसनशील देशांनी वर्षाला १.३ लाख कोटी डॉलरची गरज मांडली आणि २०३५ पर्यंत ३०० अब्जांचे आश्वासन मिळाले. भारताच्या प्रतिनिधींनी तिथेच आक्षेप नोंदवला. २०२२ मध्ये शर्म अल शेखला ‘हानी व नुकसान’ निधी मान्य झाला, म्हणजे शीर्षाचे नाव तरी बरोबर लागले, पण पेटीत पडलेली सुरुवातीची आश्वासने ७० कोटी डॉलरच्या आसपास होती.

या युक्तिवादाची दुसरी बाजू लपवणे लेखापरीक्षकाला शोभणार नाही. गळती हेच माप धरले तर आज जगात सर्वाधिक कार्बन सोडणाऱ्या चीनलाही त्या शीर्षाखाली यावे लागेल, आणि काही दशकांत भारतालाही. शिवाय देश हे माप ढोबळ आहे. पुण्यात दोन मोटारी आणि प्रत्येक खोलीत वातानुकूलन यंत्र असलेले कुटुंब युरोपातल्या सामान्य कुटुंबापेक्षा फार वेगळे जगत नाही, पण ‘भारताची दरडोई दोन टन’ या आकड्याआड ते सुखाने उभे असते. वेल्ह्यातल्या धनगरवाड्याची सावली आपण अंगावर ओढून घेतो. २०२४ मध्ये जी-ट्वेंटीचे यजमान असलेल्या ब्राझीलच्या विनंतीवरून गॅब्रिएल झुकमन या फ्रेंच अर्थतज्ज्ञाने जगातील सुमारे तीन हजार अब्जाधीशांवर संपत्तीच्या दोन टक्के किमान कर सुचवला, ज्यातून वर्षाला २०० ते २५० अब्ज डॉलर मिळू शकतील. मला ही दिशा देशवार भांडणापेक्षा पटते, कारण त्यात मुंबईतला अब्जाधीश आणि न्यूयॉर्कमधला अब्जाधीश एकाच रांगेत येतात. ती अमलात आणण्यातली अडचणही ठाऊक आहे. पैसा रात्रीत देश बदलतो, धनगरवाडा बदलत नाही.

आता लिफ्ट. आपली संस्था सोसायटी आहे असे आपण कळवले आहे, तेव्हा माझा सल्ला असा आहे की ठराव दोन करावेत, एक नव्हे. नवी लिफ्ट ही मालमत्तेची भर आहे. आधी सिंकिंग फंडातली शिल्लक पाहावी. ती वापरायला सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो आणि ती मुळात सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या प्रमाणातच जमलेली आहे. उरलेली रक्कम मोठ्या दुरुस्तीच्या निधीत क्षेत्रफळाच्या दराने काढावी. यात मोठ्या सदनिका जास्त देतील, आणि त्यांच्या मालमत्तेची किंमतही त्याच प्रमाणात टिकेल. दुसऱ्या ठरावात लिफ्टची वीज आणि वार्षिक देखभाल करार समान ठेवावा, तळमजल्यासह. तरुण सभासदांच्या प्रश्नाचे उत्तर सभेत द्यायचे झाले तर एवढे सांगावे की जिन्यापाशी न्याय थांबत नाही. फक्त लिफ्टमध्ये कोणी कोणाच्या छतात पाणी सोडलेले नाही.

ज्यांना एकरकमी जमणार नाही त्यांच्यासाठी बारा हप्त्यांची सोय त्याच ठरावात लिहावी, नावे न घेता आणि अर्ज न मागता, सर्वांना खुली. मी हे मुद्दाम सांगतो. एका सोसायटीत सवलतीसाठी अर्ज मागवले होते. ज्या बाईंना गरज होती त्यांनी अर्ज केलाच नाही. त्यांनी आपली एक बांगडी मोडून पहिल्याच आठवड्यात धनादेश आणून दिला, आणि ते आम्हाला फार उशिरा कळले.